घोडीवरचं हाड

"हत्ती खोटं बोलायला लागलाय," पप्पा म्हणाले आणि आजारी जनावर दवाखान्यात आणावं तसा दोन्ही हातांनी त्यांनी तो माझ्या टेबलावर आडवा ठेवला.

हत्ती म्हणजे आमच्या चर्चमधल्या गाणाऱ्यांची, क्वायरची, बास गिटार. वायर नाही, स्पीकर नाही. भोपळ्यासारखं पोकळ पोट, लांब मान आणि गुरांच्या दाव्यासारख्या जाड चार तारा. पप्पा एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते तेव्हा त्यांनी ती पुण्याहून बसच्या टपावर बांधून आणली. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारात उतरवताना बायकांनी पाहिली आणि तिथंच बारसं करून टाकलं. तेव्हापासून आमच्या घरात ती 'तो' झाली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मोकळी तार सरळ बोलते. मानेवरनं वर चढलं की जास्तच चढते. आणि दुहेरी बोलते, सलोमी. एका तारेतून दोन आवाज."

नगरला देवळामागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान होतं. पेटीचे भाते, गिटारच्या माना, व्हायोलिनच्या खुंट्या, जे येईल ते मी दुरुस्त करायची. पप्पांचं दुखणं ऐकून मला बरंच वाटलं. रोग ओळखीचा होता.

तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून छेडलं तर घंटेसारखा बारीक स्वर येतो. मग त्याच जागी तार मानेवरच्या पडद्यावर, धातूच्या आडव्या कांबीवर, दाबून छेडायची. दोन्ही स्वर एक आले तर वाद्य खरं. दाबलेला स्वर वर गेला तर तार आखूड पडतेय असं समजायचं आणि पोटावरच्या लाकडी घोडीवर जी हाडाची पट्टी असते, जिच्यावरून तार उतरते, तिची कड किंचित मागं घ्यायची. केसाएवढं काम असतं, पण त्या केसाएवढ्यानं अख्खं गाणं कलतं.

मी तपासलं. दाबलेला स्वर खरंच थोडा वर जात होता. तारा घामानं काळ्या पडल्या होत्या, आणि हाडावर जाड तारेनं विहिरीच्या काठावर दोरानं पडावी तशी खाच पाडली होती.

"म्हातारा झालाय," मी म्हटलं. "दात बदलू त्याचे."

"कापणीच्या सणापर्यंत झाला पाहिजे."

"परवा देते."

ते दारात थांबले. "यंदा तुझ्या आईचं गाणं आहे," असं म्हणाले, जसं काही मला ते ठाऊक नव्हतं.

आई जाऊन वर्ष व्हायचं होतं. आमच्याकडं लग्नात हळदीला अजून जातं मांडतात. आई आणि पप्पांची बहीण तबिथा आत्या, दोघी एका खुंट्याला हात लावून बसायच्या आणि ओवी उचलायच्या. एकीचा श्वास संपत आला की दुसरीनं तिथूनच सूर पुढं न्यायचा, मध्ये फट पडू द्यायची नाही. त्यातली आईची आवडती एक होती:

दळण सरत आलं, सुपात पसाभर
सूर माझा दमला गं, तुझा सूर पुढं धर

पप्पांनी त्या चालीवर कापणीच्या सणाचं गाणं बांधलं होतं. आधी हत्ती एकटाच खालून वर चढत जाणार, आणि जिथं तो थांबेल तिथून बायका सूर उचलणार. आमच्या क्वायरची रीतच ती. पेटी असली तरी सूर हत्तीकडूनच घ्यायचा. आणि हत्ती लावायचे पप्पा, आपल्या पद्धतीनं. मान खाली घालून, डावा जबडा लाकडाच्या खांद्याला टेकवून. आवाज हवेतून यायच्या आधी हाडातून यावा म्हणून. आई पलीकडच्या बाजूनं वाकायची आणि आपला कान लाकडाला लावायची. पाठीमागून पाहिलं तर दोघं एका जात्याशी बसल्यासारखी दिसायची.

मी म्हशीच्या हाडाची नवी पट्टी घासायला घेतली. हाड घासताना केस जळल्यासारखा वास सुटतो. आई असती तर तिनं नाकाला पदर लावून मधल्या दाराचा पडदा ओढून घेतला असता. पडदा उघडाच राहिला.

* * *

नव्या तारा, नवं हाड. हत्ती बोलायला लागला तसा मीच त्याच्या पोटावर हात ठेवून थोडा वेळ बसले. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पडदा सरळ होता. घंटेचा स्वर आणि दाबलेला स्वर, एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे.

पप्पांनी जबडा टेकवला, एक चढण वाजवली, आणि मान हलवली.

"तेच आहे."

"काय तेच?"

"वर चढतोय. दुहेरी बोलतोय. तू काही केलंस का नुसतं पुसून ठेवलंस?"

मी सूर मोजायचं यंत्र त्यांच्यासमोर धरलं. काटा मधोमध उभा होता.

"तुझं यंत्र बिघडलंय."

"पप्पा, यंत्र कालच—"

"हे कान तीस वर्षं क्वायरला सूर देताहेत," ते म्हणाले. "तुझ्या यंत्राचा जन्म झाला नव्हता."

मी पुन्हा तारा सैल केल्या, मान तपासली, पडदे तपासले. पुन्हा लावून दिला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी स्वतःच वाजवायला घेतलं आणि म्हटलं, "तुम्ही नुसतं ऐका. मी वाजवते तो स्वर गाऊन दाखवा."

त्यांनी जबडा लाकडाला लावला. मी मधला एक स्वर छेडला. त्यांनी डोळे मिटून तो गायला, आणि माझ्या अंगावर काटा आला. ते वर गात होते. थोडं नाही, चांगलंच वर.

"आता तिकडं भिंतीपाशी उभे राहा," मी म्हटलं. "उजवी बाजू माझ्याकडं करून."

"हा काय खेळ आहे?"

"उभे राहा ना."

तोच स्वर मी पुन्हा छेडला. या वेळी त्यांनी तो अचूक गायला. इतका अचूक, की हत्तीच्या पोटातून त्याला हुंकार आला.

त्यांच्या ध्यानात काहीच आलं नव्हतं. ते माझ्याकडं पाहत होते, परीक्षेचा निकाल विचारावा तसे.

"पप्पा," मी म्हटलं, "तुम्हाला मध्ये गरगरायचं ना? भिंत धरून चालत होता."

"त्याचा इथं काय संबंध?"

"आणि डाव्या कानात पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं म्हणाला होता."

ते टेबलावरचा हाडाचा भुसा बोटानं गोळा करत राहिले. त्याची बारीक रास केली, मग ती पुन्हा पसरली.

* * *

कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं, यंत्रावर बसवलं आणि शांतपणे सांगितलं. डाव्या कानाच्या आतल्या पाण्याचा दाब वाढलाय. हा कान काही स्वर वेगळेच ऐकतो, उजवा बरोबर ऐकतो, म्हणून एकाचे दोन होतात. गोळ्यांनी गरगरणं थांबेल. सुराचं काही सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर पप्पांनी चप्पल घालायला बराच वेळ लावला.

"डॉक्टर गातो का?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"गात नसणार. नुसता आवाज कळतो, सुराची अक्कल नाही त्याला."

रिक्षात ते माळीवाड्याच्या वळणावर म्हणाले, "घोडीचं हाड मागं सरकवता येतं ना?"

"येतं."

"मग सरकव. मला सरळ ऐकू येईल इतकं."

"पप्पा, मग सगळ्यांना ते उतरलेलं ऐकू येईल."

"सगळे माझ्याकडून सूर घेतात, सलोमी. मी त्यांच्याकडून नाही."

"तुम्ही जबडा न टेकवता वाजवा. उजव्या कानानं ऐका. तो चांगला आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर सोपं गेलं असतं.

"मला तो इथून ऐकू येतो," ते म्हणाले आणि त्यांनी डाव्या जबड्यावर दोन बोटं ठेवली. "हे उचललं तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. आणि मग पलीकडं कुणी वाकलेलं होतं की नव्हतं, तेही मला कळणार नाही."

मी दुसरी पट्टी केली. त्या घोडीच्या खाचेत मावणारं हाड पुरेसं मागं जाईना, म्हणून मागच्या बाजूनं जिभेसारखी बाहेर आलेली जाड कड ठेवावी लागली. बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळावी अशी. पप्पा टेबलाशी बसून वाजवत होते, मी घासत होते. अजून मागं. अजून. प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती सुटत होती आणि माझ्या कपाळावर एक पडत होती. शेवटी त्यांनी पूर्ण चढण वाजवली, कुरकुरत सुरातून उतरत जाणारी, शेजारच्या घरातलं कुत्रं उठून बसावं अशी, आणि डोळे मिटूनच म्हणाले, "आता आला माझा हत्ती."

खरी पट्टी मी कागदात गुंडाळून खणात ठेवली.

* * *

सणाच्या आदल्या दुपारी देवळात तालीम होती. वेदीपुढं लोकांनी आणलेलं पहिलं पीक मांडायला सुरुवात झाली होती. बाजरीची कणसं, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली एक लाल कोंबडी. उपासना झाली की या सगळ्याचा अंगणात लिलाव होतो, आणि देवाला वाहिलेला दुधी पाळकांच्या, म्हणजे पाद्रीबाबांच्या, बायकोला घरी न्यायला मिळू नये म्हणून तबिथा आत्या दरवर्षी चढी बोली लावते. दोघींचं ते जुनं भांडण.

पप्पांनी सुरुवात केली. हत्ती खालून निघाला आणि वर जाता जाता भिजलेल्या भिंतीसारखा खचत गेला. पेटीवर शलमोन काका होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पेटीकडं, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

बायकांनी सूर घेतला. रीतीप्रमाणं हत्तीचाच घ्यायचा, पण पेटी वेगळंच सांगत होती. काही जणी इकडं गेल्या, काही तिकडं. तबिथा आत्या मात्र सरळ मधून, जिथं सूर असायला हवा तिथं गेली.

पप्पांनी हात उचलला. "तबे, चढतेस."

पुन्हा सुरुवात.

"तबे, कान कुठं ठेवलेस? माझ्याबरोबर ये."

"दादा, मी बरोबर आहे."

"बरोबर मी ठरवतो."

तिसऱ्यांदा आत्या गायलीच नाही. तिनं गीतपुस्तक मिटलं, चष्म्याची दोरी गळ्यात सारखी केली आणि बाकावरून उठली. तिचे गुडघे धरलेले असत. तिला उठायला वेळ लागला.

"वहिनी गेल्यापासून तू मला रडताना पाहिलंस का?" तिनं विचारलं. "मी गाण्यासाठी राखून ठेवलं होतं. तू ते असं करतोस."

"तू चढत होतीस."

"असेन. उद्या येईन मी, लिलावाला. दुधी घ्यायला. गायला नाही. तुझा हत्ती सांभाळ."

ती दारातून बाहेर पडली तशी कोंबडीनं पंख फडफडवले. शलमोन काकांनी भात्याची कडी लावली. पप्पा तारा पुसत राहिले, जसं काही तारांवरच धूळ बसली होती.

मी आत्याच्या मागं गेले. ती नळापाशी तोंड धूत होती.

"आत्या, त्यांचा कान बिघडलाय. डॉक्टरांनी सांगितलंय."

पाणी तिच्या हातातून ओघळत राहिलं.

"त्याला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पटत नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "लहानपणी आमच्या वडिलांनी, अण्णांनी, मारलं तरी हा रडायचा नाही," ती म्हणाली. "नळाखाली डोकं धरायचा आणि म्हणायचा, पाणी गेलं डोळ्यात." मग नळ बंद करून म्हणाली, "उद्या लोकांसमोर असंच झालं तर हा पुन्हा देवळात पाय ठेवणार नाही. आणि वहिनीचं गाणं म्हणून लोक ते लक्षात ठेवतील."

"आणि मी खरं हाड बसवलं तर त्यांना ते खोटं ऐकू येईल. ते मध्येच थांबतील."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. तिनं ओल्या हातानं माझ्या गालाला स्पर्श केला आणि रिक्षाला हात केला.

* * *

सकाळी पप्पा आंघोळीला गेले तेव्हा मी खण उघडला.

तारा सैल करायच्या, जिभेची पट्टी काढायची, खरी बसवायची, तारा पुन्हा चढवायच्या. हाताला सवय होती. आतून बादलीचा आवाज येत होता, मधूनच ते गुणगुणत होते. न्हाणीघरात ते नेहमीच सुरात गायचे.

जिभेची पट्टी मी पर्समध्ये टाकली.

ते आले. पांढरा शर्ट, आईनं शिवलेलं काळं जाकीट. हत्तीला उचलून त्यांनी पोटाशी धरलं, आणि मग, दर रविवारी करायचे तसं, अंगठा त्याच्या अंगावरून फिरवला. मानेवरून, खांद्यावरून, घोडीवरून. अंगठा घोडीपाशी पोचला तेव्हा मी श्वास धरला होता. तो तिथून गेला. थांबला की नाही, ते मला सांगता येणार नाही.

"चल," ते म्हणाले. "उशीर होईल."

देऊळ भरलं होतं. वेदीपुढं भोपळ्यांचा ढीग, कणसांच्या पेंढ्या, कोंबड्या आता तीन झाल्या होत्या. क्वायरमध्ये आत्याची खुर्ची रिकामी. ती खाली मंडळीत बसली होती, चौथ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला, मांडीवर रिकामी पिशवी ठेवून.

पाळकांनी आईचं नाव घेतलं. पप्पा खुर्चीच्या कडेवर सरकले. डावा जबडा लाकडाला लागला.

पहिले स्वर खालचे. ते त्यांना जवळपास सरळच ऐकू यायचे. हत्ती गंभीरपणे निघाला आणि देवळातली खोकल्याखाकऱ्याची कुजबुज थांबली. मग चढण आली. तिसऱ्या पायरीवर त्यांच्या भुवया जवळ आल्या. चौथ्यावर जबडा घट्ट मिटला. मला ऐकू येत होतं ते नितळ होतं. त्यांना काय ऐकू येत होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आंबट काहीतरी तोंडात धरून लोकांसमोर गिळता येऊ नये आणि थुंकताही येऊ नये, तसा तो चेहरा.

चढणीच्या मध्यावर त्यांचा हात थांबला.

देवळात शांतता पडली. एक कोंबडी हळूच कुरकुरली. शलमोन काकांनी भाता दाबून धरला, पण पेटीच्या पट्टीवर बोट ठेवलं नाही. पप्पांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. मी क्वायरच्या शेवटच्या रांगेत उभी होते. मला काय करावं सुचलं नाही. मी नुसती मान हलवली. हो.

ते तसेच बसून राहिले. शेवटचा स्वर अजून लाकडात विरत होता, पार बारीक झाला होता, आता तुटणार, आणि तेवढ्यात तो भिंतीच्या बाजूनं कुणीतरी उचलला.

दळण सरत आलं...

तबिथा आत्या उभी राहिली नव्हती. गुडघे धरले होते म्हणून असेल, किंवा वेळच नव्हता म्हणून. बसल्या जागेवरून, मांडीवर पिशवी, डोळे समोरच्या भोपळ्यांवर. आवाज फाटका, वयाचा. पण सूर तिथंच होता जिथं हत्तीनं सोडला होता. फट पडली नाही.

सुपात पसाभर...

पप्पांनी मान वळवली. आणि मग त्यांनी ते केलं जे मी जन्मल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांनी जबडा लाकडावरून उचलला.

ते ताठ बसले. हत्ती त्यांच्या पोटाशी परका दिसत होता, दुसऱ्याचं मूल थोडा वेळ धरायला दिल्यासारखा. लाकडाच्या त्या जागेवर, जिथं वर्षानुवर्षं जबडा टेकून पॉलिश गेलं होतं, दिव्याचा एक पिवळा ठिपका पडला होता. त्यांची नजर आत्याच्या ओठांवर होती. ओठ उघडले की त्यांचं बोट पडद्यावर उतरायचं, ओठ मिटले की उचललं जायचं. ते ऐकत नव्हते. ते बहिणीच्या तोंडाकडं पाहून वाजवत होते.

दुसऱ्या ओळीला बायकांनी सूर धरला. शलमोन काकांची बोटं पेटीवर आली. मी गात होते की नाही ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की शेवटच्या चढणीवर पप्पांचा चेहरा पुन्हा आंबट झाला होता आणि हात थांबला नव्हता.

* * *

अंगणात लिलाव सुरू झाला. दुधीवरून पाळकांची बायको आणि आत्या यांची जुंपली होती, आणि लोक दोघींना चढवत होते. पप्पा चिंचेखालच्या दगडी बाकावर बसले होते, हत्ती गुडघ्याशी उभा. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ आम्ही लिलावच पाहिला.

"पट्टी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"सलोमी."

मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती तळहातावर ठेवली, जिभेवरून अंगठा फिरवला.

"सकाळी अंगठ्याला कळलं होतं," ते म्हणाले.

"मग काढायला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. घरातनं निघताना सांगणार होतो. मग देवळाच्या पायरीवर." ते थोडं हसले. "मग पाळक तुझ्या आईचं नाव घ्यायला लागले, आणि मध्येच कसं सांगायचं?"

आत्याला दुधी मिळाला. तिनं तो दोन्ही हातांनी उंच धरून दाखवला, आमच्याच दिशेनं. पप्पांनी हात हलवला नाही, पण ती पाहत होती तोवर तिच्याकडंच पाहत राहिले.

"तबी बरोबर होती का? काल?"

"हो."

"आणि मी? आज?"

"तुम्हीही."

"सगळं? शेवटची चढण?"

"शेवटची चढण सगळ्यात बरोबर होती, पप्पा."

त्यांनी डाव्या कानात करंगळी घालून हलवली, पाणी गेल्यासारखी. पट्टी खिशात टाकली. मग हत्तीच्या खांद्यावर, त्या पॉलिश गेलेल्या जागेवर तळहात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"मला तर ते पार भलतंच ऐकू येत होतं," ते म्हणाले. "शेवटपर्यंत."

मी पर्स बंद केली.

"पण तू म्हणतेस, तर असेल."